हसवणारा कुत्रा काय विकतो?

जाहिरातीतील विनोदी प्राणी माल खपवतो, की नुसती करमणूक करतो? जाहिरातदार याचे उत्तर मिळालेली पारितोषिके मोजून देतात. आमच्या मते ते दुकानाच्या फळीवर शोधावे.

जुन्या मराठी घरांत प्राणी आला तो 'छाप' म्हणून. दिगंबर दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुडीचा व गोळ्यांचा धंदा काढला तो 'घोडा छाप' या नावाने. उंट मागाहून आला, आणि कॅमल व इंक मिळून 'कॅमलिन' झाले. या उंटाने कुणाला हसवले नाही. पण पाण्यावाचून लांबची मजल मारणारे जनावर आणि एकदा भरले की पानेच्या पाने लिहिणारे फाउंटन पेन यांचे नाते पोराटोरांनाही उमगण्यासारखे होते. ग्रामोफोनच्या तबकडीवरचा कुत्राही तसाच. फ्रान्सिस बॅरोच्या चित्रातील हा निपर कर्ण्यापुढे मान वाकडी करून बसतो. गंमत वाटते, परंतु त्या गमतीत मालाचा दावाच आहे: आवाज इतका खरा, की कुत्र्यानेही फसावे. (ग्वाल्हेरसारख्या गाण्याच्या गावी या दाव्याची पारख किती कठोर, हे वाचकांस सांगावयास नको.)

२००३ साली ओगिल्वीने हच कंपनीसाठी आणलेला पग याच कुळातला. मुलगा जाईल तेथे कुत्रा, तसे तुम्ही जाल तेथे आमचे नेटवर्क. कल्पना निर्दोष. मुलामागे दुडदुडणारे ते सुरकुतल्या तोंडाचे ध्यान आमच्या हरिशंकरपुरमातही लाडके झाले. मात्र त्या वेळी मध्य प्रदेशात हचची सेवाच नव्हती! कुत्रा आला, नेटवर्क आले नाही. आमच्यापुरते तरी त्या विनोदाने काहीच विकले नाही.

तरीही त्यास निकामी म्हणणे अन्यायाचे होईल. २००७ साली हच जाऊन व्होडाफोन आली, तेव्हा हाच कुत्रा जाहिरातीत गुलाबी घरातून निघून लाल घरात शिरला. नाव बदलले, रंग बदलला. ओळखीचे तोंड तेवढे राहिले. धास्तावलेल्या जुन्या ग्राहकाला धीर देण्याचे काम असे सहजपणे दुसऱ्या कुणाला जमले असते, असे आम्हांस वाटत नाही.

पण खरा खप झाला तो पगचाच. शहरोशहरी या पिल्लांची मागणी वाढली, किमती चढल्या. चपट्या नाकाच्या या जातीला श्वास घेणे मुळातच जड, आणि येथील मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. ज्या घुरघुरीला आपण गोंडस म्हणून हसतो, ती पुष्कळदा अडलेल्या श्वासाची असते. कंपनीने कुत्रे विकावयास काढले नव्हते, हे मान्य. पण हसू कोणत्या वस्तूला जाऊन चिकटेल, याचा हिशेब तिने मांडला नाही, आपणही मांडला नाही.

व्होडाफोन २०१८ साली आयडियात मिसळली आणि २०२० पासून 'वी' म्हणवू लागली. पग अजूनही कुणाच्या तरी ओसरीवर, कूलरसमोर जीभ बाहेर काढून पडलेला दिसतो.