गंधकापलीकडे : रेणवीय स्फटिकांतील उष्णताजन्य रचनाबदल आणि आपले अध्यापन

प्रास्ताविक :

घन पदार्थ तापविला असता वितळण्यापूर्वीच त्याची अंतर्गत रचना पालटू शकते. पदवी स्तरावरील भौतिक रसायनशास्त्राच्या पुस्तकांत या घटनेचे उदाहरण बहुधा एकच असते, ते म्हणजे गंधक. प्रावस्था नियमाच्या प्रकरणात पाणी आणि गंधक या एकघटकी संहती लागोपाठ येतात. समचतुर्भुजी गंधकाचे ९५.५ अंश सेल्सिअसला एकनताक्ष गंधकात रूपांतर होते, असे विधान येते, आलेख येतो आणि प्रकरण पुढे सरकते. प्रस्तुत लेखात या मांडणीचे परीक्षण केले आहे. सेंद्रिय रेणवीय स्फटिक हा मोठ्या संशोधनसंस्थांचाच विषय होय, अशी जी समजूत ग्रामीण महाविद्यालयांत आढळते, तिचे मूळ बऱ्याच अंशी या मांडणीत आहे.

मांडणीतील उणीव :

गंधकाचे उदाहरण चुकीचे नाही. ते अर्धवट सांगितले जाते. दोन्ही रूपांत गंधकाचा रेणू एकच आहे, आठ अणूंचे कडे. तापविल्यावर हे कडे तुटत नाही. कड्यांची परस्परांशेजारील मांडणी तेवढी बदलते. म्हणजे गंधक हा स्वतःच रेणवीय स्फटिक आहे आणि सेंद्रिय स्फटिकांकडे जाण्याचा दरवाजा तेथेच उघडतो. परंतु गंधकाची गणना 'अपरूपता' या शब्दाखाली हिरा आणि ग्रॅफाइट यांच्यासमवेत होते. हिऱ्याचे ग्रॅफाइट होताना अणूंमधील बंधच नव्याने जुळावे लागतात. दोन भिन्न घटना एका शब्दात कोंबल्यामुळे विद्यार्थ्याला रेणू बदलणे आणि रेणूंची रचणी बदलणे यांतील भेद उमगत नाही. 'बहुरूपता' ही संज्ञा त्याला उशिरा भेटते, किंवा भेटतच नाही. वस्तुतः वोलर आणि लीबिग यांनी १८३२ मध्येच बेन्झामाइडचे उकळते द्रावण थंड केल्यावर प्रथम रेशमी सुया मिळतात व कालांतराने त्यांचे निराळे स्फटिक बनतात, हे नोंदविले होते.

याहून गंभीर आक्षेप कालाविषयी आहे. आलेख पाहून विद्यार्थी असे समजतो की ठरावीक तापमान आले की रूप पालटलेच. पॅरा-डायक्लोरोबेन्झिन या पदार्थाची साक्ष याच्या उलट आहे. कपड्यांत ठेवावयाच्या काही प्रकारच्या गोळ्यांत तो असतो. त्याचे संक्रमण तापमान सुमारे ३१ अंश सेल्सिअस, वितळणबिंदू सुमारे ५३ अंश. धाराशिवच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्या अर्थी कपाटातली गोळी संक्रमण तापमानाच्या वर सहज जाते. तरीही तिचे रूप लागलीच पालटेल अशी खात्री देता येत नाही. स्फटिकातील एखाद्या दोषस्थानी नव्या रूपाचा अंकुर निर्माण व्हावा लागतो, मग त्याची सीमा जुन्या रूपात सरकत जाते. युरी म्न्यूख यांनी अशा स्फटिकांच्या सूक्ष्मदर्शकीय निरीक्षणांवरून हे सविस्तर मांडले. सर्वच घन-घन संक्रमणे अंकुरण व वाढ याच मार्गाने होतात, हा त्यांच्या २००१ च्या ग्रंथातील दावा मात्र सर्वमान्य नाही, आणि प्रस्तुत लेखकासही तो अतिव्याप्त वाटतो. पण निरीक्षणांचे मोल त्यामुळे उणावत नाही.

महाराष्ट्रातील एक दाखला :

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील गोन्नाडे, शशिधर व भडभडे यांनी २००४ मध्ये 'केमिकल कम्युनिकेशन्स'मध्ये मायो-इनोसिटॉलच्या काही हॅलोजनयुक्त अनुजातांविषयी एक लघुनिबंध प्रसिद्ध केला. दोन निराळी रूपे एकाच वेळी, सोबतच स्फटिकित होतात. दोहोंत हॅलोजन अणूंचे संपर्क वेगळे आहेत. आणि घाईने जन्मलेले रूप तापविले असता स्फटिकावस्थेतच अधिक स्थिर रूपात जाते. येथे गंधकाचा आलेख अपुरा पडतो. जे रूप मुळातच अधिक स्थिर आहे, ते थंड केल्यावर मागे फिरण्याचे कारण उरत नाही. पालटणारे आणि परतणारे, तसेच पालटणारे पण न परतणारे, असे दोन वर्ग येथे स्पष्ट होतात. आपल्याच राज्यात झालेले हे काम पदवीच्या वर्गात क्वचितच सांगितले जाते, याचे नवल वाटते.

हा केवळ पांडित्याचा प्रश्न नाही. रसायनशास्त्राचे अनेक पदवीधर औषधनिर्मितीकडे वळतात. रिटोनावीर हे औषध १९९६ मध्ये बाजारात आले. १९९८ मध्ये त्याचे कमी विद्राव्य असे दुसरे रूप अवचित प्रकटले आणि कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. रेणू तोच होता. सूत्र पाठ असलेल्या पदवीधराला यात काय बिघडले हे सांगता येणार नाही.

स्थानिक उदाहरणाविषयी सावधगिरी :

भूम तालुक्यातील कुंथलगिरीचा खवा प्रसिद्ध आहे, आणि खव्यातील दुग्धशर्करेचे उदाहरण देण्याचा मोह शिक्षकाला होतो. तो योग्यच आहे, पण मर्यादा सांगूनच. सुमारे ९३.५ अंशांखाली दुग्धशर्करा पाण्याचा एक रेणू घेऊन अल्फा रूपात स्फटिकित होते. त्यावर निर्जल बीटा रूपात. ठेवलेल्या खव्यात जिभेला जाणवणारी कचकच याच शर्करेच्या मोठ्या स्फटिकांची. मात्र एकात पाणी आहे, दुसऱ्यात नाही, आणि अल्फा व बीटा हे रेणूही एकसारखे नाहीत. तेव्हा काटेकोर अर्थाने ही बहुरूपता नव्हे. गंधकाबाबत झालेला घोटाळा खव्याबाबत पुन्हा होऊ नये.

प्रयोगाच्या दृष्टीने पॅरा-डायक्लोरोबेन्झिनच अधिक सोयीचे. दोन काचपट्ट्यांत बंद केलेला पातळ थर, ध्रुवण-पट्ट्या लावलेला साधा सूक्ष्मदर्शक आणि कोमट पाणी एवढ्यावर सीमेची वाटचाल पाहता येईल. पदार्थ बाष्पनशील व श्वसनास अपायकारक असल्याने काचपट्ट्यांच्या कडा मात्र पक्क्या बंद हव्यात.