मित्राला घर का मिळाले नाही?

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. सुमित्रा देव ऊर्फ मित्रा या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीचे नमा देशमुखवर जडलेले प्रेम हा त्याचा विषय. रोहिणी हट्टंगडींनी मित्राची भूमिका केली. त्या काळी हे धाडसच होते. पण आज ते पुन्हा वाचताना मला वेगळेच काही बोचते.

घरात लग्नाचा विषय निघतो तेव्हाच आपले वेगळेपण मित्राला कळून चुकते. पुढे नमाची भेट होते ती बापूच्या खोलीत. जागा उसनी, वेळही उसनी. निवेदक बापूच, त्यामुळे मित्रा आपल्याला दिसते ती त्याच्या नजरेतून, कळवळ्याने पण बाहेरून. तिला चोरटी भेट हवी होती की चारचौघांसमोरचा संसार, हा प्रश्न नाटक विचारीतच नाही. ही त्याची मर्यादा मानावी लागेल. नमा दुरावते, मित्रा जीव देते आणि आपण हळहळून घरी परततो.

नुसती हळहळ पुरेशी आहे काय? विवाह संततीसाठीच, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मग निपुत्रिक जोडप्याचा विवाह आपण मोडीत काढतो काय? साठीनंतर पुनर्विवाह करणाऱ्यांना कायदा मुलांविषयी विचारीत नाही. आपल्या सप्तपदीतले सातवे पाऊल तर सख्यासाठीच असते. सख्य, परस्परांची जबाबदारी आणि समाजाची साक्ष या तीन गोष्टी काढून घेतल्या तर विवाहात उरते काय? आणि या तिन्ही निभावायला दोन स्त्रिया किंवा दोन पुरुष असमर्थ आहेत, हे कोणी सिद्ध केले आहे?

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशा संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र विवाहाला मान्यता देण्यास नकार देऊन हा प्रश्न संसदेकडे सोपविला. म्हणजे खोलीचे दार आतून लावण्याची मुभा मिळाली. दारावर दोघींच्या नावाची पाटी लावण्याची नाही. दवाखान्यातल्या सहीपासून वारसापर्यंत सारे या पाटीवरच अडते.

आपल्या सीमाभागात मराठी-कानडी सोयरीक झाली तरी भुवया उंचावणारी माणसे होती. त्या सोयरिकींनी घरे बुडाली नाहीत; उलट दोन भाषा एका चुलीपाशी नांदल्या. तेंडुलकरांनी मित्राला रंगमंच दिला. घर देणे नाटककाराच्या हाती नसते, ते वाचकांच्या आणि प्रेक्षकांच्या हाती असते.