वज्र, स्फटिक आणि लोहचुंबक : परिभाषेची चिकित्सा

भिवंडी तालुक्यातील वडवली हे गाव आज वज्रेश्वरी या देवीच्या नावानेच ओळखले जाते. इंद्राने सोडलेले वज्र देवीने गिळले, अशी तेथील एक आख्यायिका आहे. ‘वज्र’ या शब्दाचे इंद्राचे अस्त्र व हिरा हे दोन्ही अर्थ रूढ असून, त्यांना जोडणारा धागा अभेद्यतेचा आहे. वज्रलेप, वज्रमूठ हे शब्दही तीच छटा वागवितात. ‘स्फटिक’ हा शब्द निर्मळपणा सुचवितो. या दोन शब्दांच्या संस्कारामुळे स्फटिक म्हणजे कठीण व अविकारी पदार्थ, अशी समजूत मराठी वाचकाच्या मनात घर करून असते. आधुनिक रसायनशास्त्रापुढे ती टिकत नाही.

धातूंचे आयन व त्यांना जोडणारे सेंद्रिय रेणू यांच्या सहसंबद्ध जाळ्यांवरील संशोधनासाठी २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन व ओमर याघी यांना देण्यात आले. यांपैकी काही जाळी आपले स्फटिकरूप न सोडता आकुंचन-प्रसरण पावतात. २००२ मध्ये केपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिलेले लोहयुक्त जाळे या दृष्टीने उद्बोधक आहे. त्याच्या पोकळ्यांत अल्कोहोलाचे रेणू असताना तापमान उतरविले, की काही लोह आयनांची चुंबकीय अवस्था पालटते. ते रेणू निघून गेले, की जाळ्याची घडण सरकते आणि हा पालटही नाहीसा होतो. अर्थात, येथे रचना व चुंबकत्व यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही. पाठ्यपुस्तकी मराठीत मात्र ‘संरचना’ व ‘गुणधर्म’ या दोन स्थिर नामांखाली ही एकच घटना दुभंगून मांडली जाते.

‘लोहचुंबकत्व’ ही संज्ञा याहून अधिक सदोष होय. व्यवहारात कोणत्याही चुंबकास लोहचुंबक म्हणतात. शास्त्रात मात्र शेजारच्या अणूंची चुंबकीय आघूर्णे एकाच दिशेस असणे, हा या संज्ञेचा विशिष्ट अर्थ आहे. शिवाय, १९९५ मध्ये प्रशियन ब्लूच्या कुळातील व्हॅनेडियम व क्रोमियम यांचे जे संयुग प्रसिद्ध झाले, त्यात लोहाचा अंशही नाही; तरी त्याचे चुंबकत्व ३१५ केल्विन, म्हणजे सुमारे ४२ अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. त्यातील दोन धातूंची आघूर्णे परस्परविरुद्ध पण असमान असल्याने काही चुंबकत्व शिल्लक उरते. इंग्रजी संज्ञांतही लोहवाचक लॅटिन शब्द आहे, हा आक्षेप रास्त आहे. तथापि तो शब्द इंग्रजी व्यवहारात जिवंत नाही. ‘लोह’ हा मराठीत आजही सरळ अर्थ देतो, म्हणूनच तो विद्यार्थ्यास चकवितो.

रूढ संज्ञा एकाएकी टाकून देणे श्रेयस्कर नव्हे. परंतु तिच्या व्याख्येत धातूऐवजी आघूर्णांच्या मांडणीस अग्रस्थान द्यावे, ‘समदिश’ व ‘असम-प्रतिदिश’ अशी विशेषणे सोबत योजावीत, आणि ‘स्फटिक’ शब्दाच्या व्याख्येत कठीणपणास स्थान न देता केवळ अंतर्गत मांडणीची नियमबद्धता सांगावी. एवढे केल्यास जुन्या शब्दांकडूनही नवे ज्ञान पेलले जाईल.