दहा बेरजांसाठी दहा हजार बेरजा कशाला?

दोन याद्या आहेत. प्रत्येकीत शंभर संख्या, मोठीकडून लहानीकडे लावलेल्या. पहिलीतील एक आणि दुसरीतील एक संख्या घेऊन बेरीज करायची, तर सर्वांत मोठ्या दहा बेरजा कोणत्या? संगणकाच्या अभ्यासपुस्तकांत हा प्रश्न हमखास भेटतो. उत्तराचा साचाही ठरलेला: आधी दहा हजार बेरजा करून त्यांचा क्रम लावण्याची ‘सोपी’ रीत, मग ‘हीप वापरा’ अशी आज्ञा आणि खाली वीसेक ओळींचा प्रोग्रॅम. उत्तर बरोबर असते. पण या दोहोंच्या मधले गणितच गाळले जाते, आणि वर्गात शिकवण्याजोगे तेवढेच आहे.

फळ्यावर कोष्टक आखून पाहा. ओळी पहिल्या यादीच्या, रकाने दुसरीचे, घरात त्यांची बेरीज. उजवीकडे किंवा खाली सरकताना बेरीज वाढत नाही. आता तिसऱ्या ओळीतले चौथे घर घ्या. ते धरून त्याच्या वर-डावीकडे ३ × ४ = १२ घरांचा आयत होतो. म्हणजे दुसऱ्या ११ बेरजा त्याच्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या आहेतच. मग पहिल्या दहांसाठी त्या घराची गरज काय? ज्या घराच्या ओळीच्या आणि रकान्याच्या क्रमांकांचा गुणाकार दहापेक्षा जास्त, ते खुशाल पुसा. पहिल्या ओळीत १० घरे उरतात, दुसरीत ५, तिसरीत ३, मग २, २, आणि पुढच्या पाच ओळींत एकेक. एकूण २७! याद्या शंभरच्या असोत की लाखाच्या, घरे सत्तावीसच. भागाकार येणाऱ्या मुलाला हे पटते, त्याला संगणक लागत नाही.

हे कळल्यावर हीप आपोआप जागेवर बसतो. गटातली सर्वांत मोठी संख्या चटकन हाती देणारी ही मांडणी विल्यम्स यांनी १९६४ साली सुचवली. एक घर उचलले की त्याच्या उजवीकडचे आणि खालचे घर उमेदवार होते. एकच घर दोन वाटांनी दोनदा येऊ नये म्हणून खाली उतरायचे ते फक्त पहिल्या रकान्यातून.

काही ठिकाणी हीपऐवजी ‘दोन बोटांची’ रीत दिलेली आढळते, ती मात्र सरळ चूक आहे. १०, ९, ४ आणि १०, ७, १ या याद्या घ्या. बोटे २० वर, मग १९ वर (९ + १०). तिथून पुढे १४ किंवा १६ एवढाच पर्याय, म्हणून १६. पण तिसरी बेरीज १७ आहे (१० + ७), ती मागेच राहिली! ठरावीक बेरजेची जोडी शोधताना एक बोट पहिल्या यादीच्या आरंभी आणि दुसरे दुसरीच्या शेवटी ठेवतात. तिथे प्रत्येक पावलाला एक अख्खी ओळ किंवा रकाना कायमचा बाद होतो, म्हणून ती रीत चालते. इथे बाद काहीच होत नाही.

आणि साऱ्याच बेरजा क्रमाने हव्या असतील तर? फ्रेडमन यांनी १९७६ मध्ये दाखवले, की याद्या n लांबीच्या असतील तर तुलना n² च्या प्रमाणात पुरतात. मात्र तेवढ्याच वेळात प्रत्यक्ष काम उरकणारी रीत आजवर कोणालाही सापडलेली नाही. जिज्ञासू मुलांना हे जरूर सांगावे. इतक्या साध्या शब्दांत मांडता येणारे न सुटलेले प्रश्न शाळेत फार येत नाहीत.