आफ्रिका भातोडीपर्यंत आली होती

यंदा मी दूरशिक्षणातून इतिहासाला बसलोय. त्यात एक पेपर आफ्रिकेच्या इतिहासाची ओळख करून देणारा. सूतगिरणीत तिसरी पाळी मारायची आणि डोळ्यातला कापूस काढत वाचायचं, असं ते पुस्तक संपवलं. पास-नापास राहू द्या बाजूला. आपल्यातली बरीच पोरं पुढे हेच वाचणार, म्हणून बोलतो.

या पुस्तकात आफ्रिका जन्मते कधी, तर गोरा माणूस जहाजातून उतरतो तेव्हा. मग गुलामांचा व्यापार, 1884-85 ची बर्लिन परिषद, नकाशावर पट्टी ठेवून केलेली वाटणी, आणि ओळीने स्वातंत्र्यदिन. त्याआधीचं सगळं दीड पानात. 1324 साली हजला निघालेला मालीचा राजा मनसा मूसा, ज्याने कैरोत इतकं सोनं वाटलं की सोन्याचा भाव पडला, तो एका चौकटीत, गंमत म्हणून. हेगेल नावाच्या जर्मन पंडिताने आफ्रिकेला इतिहासच नाही असं ठरवून टाकलं होतं. पुस्तक त्याला नावं ठेवतं आणि चालतं त्याच्याच वाटेनं. आपल्याला हे नवं नाय. आपला इतिहासही कुणीतरी उद्धार करायला आला की मगच सुरू होतो, असंच आपण शाळेत शिकलो.

पण माझं खरं भांडण पुढे आहे. या पुस्तकातली गुलामांची सगळी जहाजं अमेरिकेला जातात. आपल्याकडे एकही येत नाही. आणि मी बसलोय नगरला! इथून जवळच भातोडी. तिथे 1624 साली मलिक अंबरने तलावाचं पाणी सोडून मुघल आणि आदिलशाही फौजा चिखलात रुतवल्या आणि धुतल्या. हा अंबर म्हणजे इथिओपियातलं चापू नावाचं पोर. बगदादच्या व्यापाऱ्याकडून फिरत फिरत निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्याकडे विकलं गेलं. चंगेजखानही हबशी, पूर्वीचा गुलामच. 1600 साली नगरचा किल्ला मुघलांनी घेतल्यावर अंबरने निजामशाही खांद्यावर घेतली, ती 1626 ला मरेपर्यंत. जहांगीरला तो हाती लागला नाही, म्हणून बादशहाने अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतानाचं स्वतःचं चित्र काढून घेतलं. आफ्रिकेच्या पेपरात हा माणूस नाही. महाराष्ट्राच्या पेपरात आहे, पण तिथे त्याला आफ्रिका नाही.

आता कुणी म्हणेल, लावा अंबरचा फोटो. जरा थांबा. ग्रँट डफने 1826 च्या आपल्या इतिहासात लिहिलंय, अंबरने महसुलाची मक्तेदारी बंद केली आणि मोडकळीला आलेली गावाची व्यवस्था पुन्हा बसवली. हे सगळे कौतुकाने सांगतात. पण गावगाडा बसला म्हणजे कोण कोण बसलं? पाटील बसला, कुलकर्णी बसला, आणि वेशीबाहेर महारही बसवला, सांगावे पोचवायला, मेलेली ढोरं ओढायला. गुलाम पेशवा झाला, वेसकर वेसकरच राहिला. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणलं. वतनं कायद्याने गेली ती 1958 ला, बाबासाहेब गेल्यावर.

पुस्तकाच्या शेवटी प्रश्न आहे, 'गुलामगिरीचे परिणाम लिहा.' कुठल्या गुलामगिरीचे? जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटलेल्यांना अर्पण केली, तेव्हा दोन्ही दुःखं शेजारी ठेवली. शेजारी, एकच नव्हे. मालक मेल्यावर चंगेजखानाच्या बायकोने अंबरला मोकळं केलं. अमेरिकेच्या मळ्यांवर अशी सुटका क्वचितच, हे कबूल. पण महाराला मोकळं करणारा मालक कोण? अख्खं गावच मालक. हा फरक ज्या पुस्तकात मांडता येत नाही, त्याला आपल्या पोरांपुढे ठेवायचं कशाला, असं एकदा मनात आलं.

तरी पेपर सोडू नका, द्या. फक्त सोबत वॉल्टर रॉडनीचं 1972 चं पुस्तक ठेवा, युरोपने आफ्रिकेला कसं मागं ठेवलं ते सांगणारं. रॉडनी गयानाचा, दार-एस-सलामला शिकवायचा. इंग्रजी जड जातं, पण चार जण मिळून बसलं की निघतं. आमची पहिली बैठक रविवारी, पाळी सुटल्यावर.