चंद्रावरील सोने आणि चंद्रावरील पाणी

एच. जी. वेल्स ह्यांची ‘द फर्स्ट मेन इन द मून’ ही कादंबरी १९०१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिची चर्चा बहुधा एकाच मुद्द्याभोवती फिरते : गुरुत्वाकर्षण अडविणारे ‘कॅव्होराइट’ हे द्रव्य शक्य कोटीतील आहे काय? खुद्द ज्यूल व्हर्न ह्यांचाही आक्षेप हाच होता. आपले प्रवासी तोफेच्या गोळ्यातून जातात. वेल्स मात्र अस्तित्वात नसलेले द्रव्य कल्पितात, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप खोटा नाही. पण तो कादंबरीच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. प्रवासाचे साधन कोणते, ह्यापेक्षा प्रवासी चंद्रावर कशासाठी जातात आणि तेथून काय आणू पाहतात, हा ह्या कृतीतील खरा प्रश्न आहे. आणि आज तो कल्पनेच्या प्रांतातून व्यवहाराच्या प्रांतात आला आहे.

वेल्सनी एकाच गोलयानात दोन भिन्न प्रकृतीची माणसे बसविली आहेत. कॅव्होर हा ज्ञानाच्या ध्यासाने भारलेला शास्त्रज्ञ, तर बेडफर्ड हा धंद्यात बुडालेला आणि नव्या धंद्याच्या शोधात असलेला गृहस्थ. ग्रहगोलांवर जाण्याची गोष्ट निघताच बेडफर्डला आठवण होते ती अमेरिकेतील सोन्यावरच्या स्पेनच्या जुन्या मक्तेदारीची आणि प्रथम हक्काची. पुढे चंद्रावरील बुरशी खाऊन धुंदी चढल्यावर तो चंद्र खालसा करण्याची भाषा बोलू लागतो. शुद्धीत असताना जे मनात घोळत होते, तेच नशेत तोंडावाटे बाहेर पडते. हा विनोद वरवर हलका, पण मर्मभेदी आहे.

चंद्रावरील ‘सेलेनाइट’ लोक ह्या दोघांना साखळदंडांनी बांधतात, आणि ते साखळदंड सोन्याचे असतात. ही केवळ चमत्कृती नव्हे. पृथ्वीवर जे तिजोरीत ठेवायचे, ते तेथे बेड्यांच्या आणि पहारींच्या कामाचे. वस्तूचे मोल वस्तूत नसून स्थळात व गरजेत असते, हा अर्थशास्त्रीय विचार वेल्सनी एका प्रसंगात मूर्त केला आहे.

ह्या विचाराची प्रचीती गेल्या काही दशकांतील संशोधनाने वेगळ्या रीतीने आणून दिली. भारताच्या ‘चांद्रयान–१’वरील उपकरणांनी मिळविलेल्या माहितीतून २००९ साली चंद्राच्या पृष्ठभागावर जलरेणूंच्या खुणा असल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या ‘एलक्रॉस’ मोहिमेत दक्षिण ध्रुवाजवळील कॅबियस विवरात एक रिकामा अग्निबाणखंड आदळविण्यात आला; त्या आघाताने उडालेल्या द्रव्यात वजनाने सुमारे ५.६ टक्के पाणी असल्याचा अंदाज निघाला. चंद्राचा आस जेमतेम दीड अंशाने कललेला असल्यामुळे ध्रुवाजवळील काही खोल विवरांत सूर्यप्रकाश कधीच पोहोचत नाही. तेथील थंडीत हे बर्फ टिकून राहते. पृथ्वीवर ज्याला विहिरीच्या पाण्याहून अधिक किंमत नाही, ते तेथे पिण्यास, श्वसनासाठी प्राणवायू मिळविण्यास आणि हायड्रोजन व ऑक्सिजन ह्यांच्या रूपाने इंधनास उपयोगी पडू शकते. पृथ्वीवरून निसटण्यास सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो, चंद्रावरून सुमारे २.४ किलोमीटर, म्हणून तेथेच तयार होणाऱ्या इंधनाचे महत्त्व.

बेडफर्डचा हिशेब मात्र माल घरी आणण्याचा होता. चंद्रावरील हेलियम–३ पृथ्वीवर आणून वीज निर्माण करण्याच्या योजनांत तोच हिशेब पुन्हा डोकावतो. हा वायू तेथील मातीत अब्जांशांच्या प्रमाणात विखुरलेला आहे, आणि त्याच्यावर चालणारी अणुसंमीलनाची वीजभट्टी अद्याप अस्तित्वात नाही. बेडफर्ड निदान पहार हातात घेऊन परतला होता.

कादंबरीचा खरा दोष येथेच आढळतो. आरंभी प्रथम हक्काचा विचार मांडणारे वेल्स, सोने प्रत्यक्ष हाती आल्यावर तो विचार सोडून देतात. हे सोने कोणाचे, हे बेडफर्डला कोणी विचारीत नाही. एक मुलगा गोलयानात शिरतो, यान त्याच्यासह नाहीसे होते आणि परतीचा मार्ग योगायोगाने बंद होतो. अडचणीचा प्रश्न कथानकाने सोडविलेला नाही, टाळलेला आहे.

वास्तवात तो टाळता येत नाही. १९६७ च्या अंतराळ करारानुसार कोणत्याही राष्ट्राला चंद्रावर स्वामित्व सांगता येत नाही. १९७९ च्या चंद्रकराराने तेथील संपत्तीला मानवजातीचा सामाईक वारसा म्हटले. पण प्रमुख अंतराळ-राष्ट्रांनी तो स्वीकारला नाही, आणि भारतानेही १९८२ साली सही करून पुढे त्याला मान्यता दिली नाही. २०१५ च्या अमेरिकन कायद्याने काढलेल्या द्रव्यावर काढणाऱ्याचा हक्क मानला. २०२० च्या ‘आर्टेमिस’ संकेतांनी असे उत्खनन म्हणजे आपोआप स्वामित्व नव्हे अशी भूमिका घेतली, आणि २०२३ च्या जून महिन्यात भारतही त्यांत सामील झाला. जमीन कोणाचीच नाही, पण उपसलेले पाणी उपसणाऱ्याचे, असा ह्याचा व्यावहारिक अर्थ होतो. विवरे मोजकी आणि बर्फ मर्यादित असेल, तर हा भेद कागदावरच राहण्याचा संभव आहे.

सेलेनाइटांच्या तावडीतून सुटल्यावर कॅव्होरने एक भीती बोलून दाखविली होती : हे रहस्य पृथ्वीवर पोहोचले, तर सत्ता येथे येण्यासाठी झगडतील आणि युद्धांची निमित्ते वाढतील. पुढे त्याच कॅव्होरने चंद्रलोकाच्या अधिपतीला मानवी युद्धांचे भोळेपणाने वर्णन करून सांगितले, आणि त्याचे बिनतारी संदेश अर्ध्यावरच थांबले. ज्ञान निरागस असले तरी त्याचे परिणाम निरागस नसतात, हे वेल्सनी ओळखले होते.

आजच्या चंद्रावर सेलेनाइट नाहीत. लुटले जाण्यासाठी तेथे कोणी नाही, म्हणून लूट होणार नाही, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. जे राष्ट्र उशिरा पोहोचेल, त्याच्या वाट्याला उपसलेले विवर यावयाचे. वेल्सच्या कादंबरीत अन्याय तेथील रहिवाशांवर होतो. प्रत्यक्षात तो मागाहून येणाऱ्यांवर होईल, आणि त्यांची बाजू मांडणारा कोणताही संदेश चंद्रावरून येणार नाही.