परांची उतरण्याआधी

पुण्याच्या पेठांमध्ये एखादा वाडा पाडला की शेवटचे काही दिवस त्याचा नकाशा शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उरतो. खाली चुलीच्या धुराने काळवंडलेला पट्टा. त्याच्या वर कोनाडा, आणि कोनाड्याभोवती कुणीतरी हौसेने काढलेली निळ्या ऑइलपेंटची चौकट. आणखी वर कडीपाटाच्या तुळया जिथे भिंतीत शिरत होत्या तिथली चौकोनी भोकं, एका ओळीत. जिना कधीच गेलेला असतो, पण त्याची तिरकी रेघ चुन्यावर तशीच असते. आठवड्याभरात जागेला पत्रे लागतात आणि हा नकाशा दिसेनासा होतो.

अशा भिंतींचे फोटो शोधू गेलं तर फार थोडे हाती लागतात. दिंडी दरवाजे, सुरूचे खांब, चौकातलं तुळशीवृंदावन आणि त्यावर पडलेला तिरपा उन्हाचा कवडसा यांचे मात्र हजारोंनी सापडतील. जुन्या वास्तूंच्या छायाचित्रणाची आपल्याकडची सध्याची गत ही अशी आहे. पडझडीचं सौंदर्य भरपूर, जीर्णोद्धारानंतरचा झगमगाटही भरपूर. या दोन्हींच्या मधला काळ, ज्यात इमारतीचं नशीब खरोखर ठरतं, तो जवळजवळ कोरा.

ही कला आपल्याकडे आली तेव्हा तिचा रोख वेगळा होता. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्या मंडळींत होते. पुढच्याच वर्षी सरकारने कॅप्टन बिग्ज या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याला विजापूर, बदामी, ऐहोळेच्या वास्तू टिपायला नेमलं. त्याच्या मागून डॉ. पिगू आले. या माणसांना चित्र सजवायचं नव्हतं, नोंद करायची होती. कुठला खांब फुटला आहे, कळस कुठे ढासळला आहे, झाडाचं मूळ कुठल्या सांध्यातून आत शिरलं आहे, हे त्या फोटोंमध्ये आजही बोट ठेवून दाखवता येतं.

रॉबर्ट गिलची गोष्ट तर याहून बोलकी आहे. मराठी वाचकाला गिल आठवतो तो त्याच्या प्रेयसीमुळे, पारोमुळे, ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’मुळे आणि २०१२च्या त्याच नावाच्या चित्रपटामुळे. त्याच्या हातात पुढे कॅमेरा आला होता, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला कंपनी सरकारने त्याला १८४४मध्ये नेमलं. त्या नकलांपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगलेल्या होत्या आणि १८६६च्या आगीत जळून गेल्या. पण लेण्यांचे फोटो त्याने आधीच काढून ठेवले होते आणि १८६४मध्ये वास्तुइतिहासकार फर्ग्युसनच्या मजकुरासह ते छापूनही आले होते. वर्षानुवर्षांचं रंगकाम गेलं, काचेवरची नोंद पुस्तकांतून उरली.

जर्मनीत याच सुमारास अल्ब्रेख्ट मायडेनबाउअर नावाचा तरुण वेट्झलारच्या कॅथीड्रलची मापं घेताना वरून पडता पडता वाचला. माप उंचावर चढून कशाला घ्यायचं, फोटोवरूनच का घेऊ नये, असा विचार त्याने केला आणि त्यातून फोटोग्रॅमेट्री उभी राहिली. आज ड्रोनने शेकडो फोटो काढून इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करतात, त्याचं मूळ या अपघातातून वाचलेल्या माणसाकडे जातं.

मोडक्या इमारतींच्या फोटोंचा जगभर बाजार झाला तो डेट्रॉइटमुळे. मार्शां आणि मेफ्र या दोन फ्रेंच छायाचित्रकारांचं या शहराच्या अवशेषांवरचं पुस्तक २०१०मध्ये आलं. ओस पडलेली नाट्यगृहं, ढासळलेली छतं, धूळ खात पडलेल्या शाळा. फोटो देखणे होते, यात वाद नाही. पण त्यात माणसं नव्हती आणि डेट्रॉइटमध्ये तेव्हाही लाखो लोक राहत होते. ‘आमच्या दारिद्र्याची नक्षी काढता’ असा तिथल्यांचा सूर निघाला, तो काही उगाच नव्हे. या फोटोंमुळे जगभर ओळखीचं झालेलं तिथलं मिशिगन सेंट्रल स्टेशन १९८८मध्ये बंद पडलं होतं. २०१८मध्ये फोर्डने ते विकत घेतलं आणि २०२४मध्ये ते नव्याने उघडलं. भग्न स्टेशनचा फोटो अनेकांच्या नजरेसमोर आहे. मधल्या सहा वर्षांतला एखादा फोटो आठवायला सांगितला तर फोटोवाल्यांचीही पंचाईत होईल.

मुंबईत डेट्रॉइटची जागा काळा घोड्याजवळच्या वॉटसन्सने घेतली. १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतलेले लोखंडी सुटे भाग आणून इथे जोडलेलं हे हॉटेल. ल्युमिए बंधूंची चलचित्रं ७ जुलै १८९६ रोजी इथेच दाखवली गेली. पुढे त्याचं एस्प्लनेड मॅन्शन झालं, आत वकिलांची कार्यालयं आली. २००५मध्ये इमारतीचा काही भाग कोसळला, २०१९मध्ये ती रिकामी करण्यात आली. तिचे फोटो उदंड आहेत आणि बहुतेक सारखेच आहेत: समोरच्या फुटपाथवरून, पावसाळी आभाळाखाली, लोंबणाऱ्या वायरींसकट. बीड कुठे गंजून फुगलं, सज्जाचा भार कुठे बसतो, मागाहून घातलेल्या खोल्या कशावर टेकल्या, हे जवळ जाऊन पाहिलेले फोटो विरळा. ही इमारत पाडावी की राखावी हा वाद वर्षानुवर्षं चालला, तेव्हा उपयोग त्याच फोटोंचा होता.

दुसऱ्या टोकाला ‘आधी’ आणि ‘नंतर’ची जोडी. भाऊ दाजी लाड संग्रहालय २००८मध्ये पुन्हा खुलं झालं, रॉयल ऑपेरा हाउस २३ वर्षं बंद राहून २०१६मध्ये उघडलं. दोन्ही कामं जगाने वाखाणली आणि ती त्या योग्यतेचीच आहेत. मासिकांनी मात्र दोन्हींना एकाच साच्यात बसवलं: डावीकडे कळकट भिंत, उजवीकडे सोनेरी वर्ख आणि झुंबर. साबणाच्या जाहिरातीतला शर्टही असाच दाखवतात. चुना किती दिवस मुरवला, तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कुजल्यावर नवा तुकडा कोणत्या सांध्याने जोडला, सिमेंटचा गिलावा खरवडल्यावर आतल्या विटेला लागलेला लोणा किती खोल होता, यातलं काहीही त्या जोडीत दिसत नाही.

शिवाय कॅमेराच आता लबाडी करतो. खालून फोटो काढला की इमारतीच्या कडा आत झुकतात. हल्ली सॉफ्टवेअर त्या एका टिचकीत सरळ करून देतं. पण भिंत खरंच झुकलेली असेल तर? तिला उभी करणं म्हणजे पुरावा पुसणं. जाणते वास्तुसंवर्धक तड्यावर काचेची पट्टी चिकटवतात, तिच्यावर तारीख घालतात आणि ठरावीक दिवसांनी त्याच जागी उभं राहून तिचा फोटो घेतात. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे. दिसायला अगदी नीरस असा हा फोटो कुठल्या प्रदर्शनात लागणार नाही, पण इमारत वाचवायची तर त्याच्यावाचून भागत नाही.

चांगलं काम अजिबात होत नाही, असंही नाही. चिरोदीप चौधुरी यांनी मुंबईतली सार्वजनिक घड्याळं वर्षानुवर्षं टिपली. काही चालू, बरीच बंद, प्रत्येक आपल्या भिंतीसकट. आर्ट डेको मुंबई ही संस्था २०१६पासून एकेक इमारत घेऊन तिचे सज्जे, जाळ्या, नावाची अक्षरं नोंदवते आहे. या दोन्ही कामांचं बळ चिकाटीत आहे. एका रविवारच्या हेरिटेज वॉकमध्ये ते साधत नाही.

घरांच्या आतल्या बाजूची सगळ्यात खरी नोंद तर छायाचित्रकारांकडे नाहीच. १२ जुलै १९६१ला पानशेतच्या पुरात पुण्यातले नदीकाठचे वाडे गेले. त्यांचं माजघर आज कुठे दिसलंच, तर मुंजीच्या ग्रुप फोटोत, मावश्यांच्या डोक्यांमागे. मुंबईतल्या बीडीडी चाळींचंही तेच. २०७ इमारती, १६० चौरस फुटांच्या खोल्या. वरळीत ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. गॅलऱ्यांचे लांबलचक फोटो पुष्कळ निघाले, पण पोटमाळा कसा बांधला होता, मोरी कुठे होती, हे कळायला बारशाचा आणि हळदीचा अल्बमच उघडावा लागतो.

मधल्या काळाचे फोटो रोज निघत असतात, ते वेगळ्याच हातांनी. जीर्णोद्धाराचं काम चालू असतं तिथे संध्याकाळी मिस्त्री परांचीवरून उतरण्याआधी मोबाइल काढतो. उघडी पडलेली वीट, नवीन बसवलेली कडी, चुन्याचा ओला थर, कधी फ्रेमच्या कोपऱ्यात मापाला धरलेला आपलाच पंजा. आज इतकं झालं, हे ऑफिसला कळावं म्हणून पाच-सात फोटो कामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातात. बिल मंजूर होतं, परांची उतरते, ग्रुप थंडावतो. फोन भरला की सगळ्यात आधी तेच फोटो पुसले जातात.